परीक्षेच्या दिवसांतलं बारा घरांचं गाणं

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की मी कपाटातली निळी फाइल काढतो. चाळीचा सेक्रेटरी म्हणून माझं हे अकरावं वर्ष. फाइलमध्ये दर वर्षाची एक, अशा दहा नोटिसा आहेत. मजकूर तोच, तारखा तेवढ्या बदललेल्या. 'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्यामुळे टीव्ही, स्पीकर, वाद्ये इत्यादींचा आवाज खोलीबाहेर जाणार नाही याची दक्षता घ्यावी.' खाली माझी सही. ही नोटीस जिन्याजवळच्या फळ्यावर चार टाचण्यांनी लावली की आमच्याकडे परीक्षेचा मोसम सुरू होतो.

यंदा फाइल काढली आणि मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो.

"अहो, लिहून टाका ना," सुषमा आतून म्हणाली. "वर्षा दोनदा विचारून गेली. तिच्या सानिकाची दहावी आहे."

"लिहितो."

"गेल्या वर्षी दहा मिनिटांत लिहिली होतीत."

ते खरं होतं. पण गेल्या वर्षीचं आणि यंदाचं सारखं नाही, हे तिला तरी कसं सांगायचं? मलाच ते नीट मांडता येत नव्हतं.

आमची चाळ परळला. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, एकूण ऐंशी बिऱ्हाडं. एरवी इथे आवाजाला सुट्टी नसते. पण या दीड-दोन महिन्यांत चाळ स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवते. पॅसेजमधला कॅरम बोर्ड भिंतीला उभा राहतो. भांडणं होतात, पण दात-ओठ खाऊन, कुजबुजत. कुकरच्या शिट्या मजल्यागणिक वेगळ्या ओळखता येतात. गॅलरीत एखादी मुलगी पुस्तक छातीशी धरून पुटपुटत येरझाऱ्या घालते आणि समोरून येणारा माणूस अंग चोरून तिला वाट देतो. ही रीत मी सुरू केलेली नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळीवरून आलेले बाप पोरांना अभ्यासाला जागा व्हावी म्हणून गॅलरीत झोपायचे, तेव्हापासूनची ती आहे. मी फक्त तिला तारखा दिल्या.

मला हा मोसम आवडायचा. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे. दिवसभर माणसांचे कागद क्रमांकाने लावायचे, हे माझं काम. शांतता आणि क्रम या दोन गोष्टी मला मानवतात. रुग्णालयाच्या आवारात एक काटेसावर आहे. तिला याच दिवसांत लाल फुलं येतात आणि पान एकही नसतं. दुपारी जेवायला घरी यायला निघालो की त्या फुलांवरून पाय चुकवत चालावं लागतं. फाटकापासून चाळीपर्यंत अकरा मिनिटं. आणि चाळीच्या तोंडाशी आलो की तळमजल्यावरच्या तिसऱ्या खोलीतून विलासदादांची गिटार ऐकू यायची. म्हणजे पूर्वी यायची.

विलासदादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून चढून त्यांच्या पिंढऱ्या नारळासारख्या घट्ट झालेल्या. त्यांचे वडील, त्यांना ते 'बा' म्हणायचे, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गायनपार्टीत गायचे. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम लागले की बांचा गळा महिनाभर बसलेला असायचा. त्या घरात ढोलकी होती, पेटी होती, गिटार कुठून आली याचं चाळीला नवल होतं. ती आली फ्रान्सिस अंकलकडून. फ्रान्सिस अंकल माहीमचे. विलासदादांच्याच खात्यात होते, माऊथ ऑर्गन वाजवायचे. त्यांचा भाऊ बोटीवर होता, तो परदेशातून कॅसेटी आणायचा. त्यातली एक त्यांनी जेवणाच्या सुट्टीत विलासदादांना ऐकवली. अमेरिकेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं. ब्लूज.

"शब्द एक कळला नाही," विलासदादा सांगायचे. "पण तो माणूस एक ओळ म्हणायचा, मग तीच परत म्हणायचा. मी फ्रान्सिसला म्हटलं, हा आपल्यातला आहे."

"मी बोललो याला," फ्रान्सिस अंकल मध्येच, "अरे बाबा, तो मिसिसिपीचा आहे, तुझ्या परळचा नाय. हा ऐकेल तर ना!"

"तिकडे कापूस वेचताना गायचे. तोच कापूस इकडे माझ्या बाच्या नाकातोंडात जायचा."

मी तेव्हा म्हटलं होतं, "विलासदादा, इथल्या गिरण्यांत बहुतेक कापूस आपल्याकडचाच यायचा. विदर्भ, खानदेश."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग फ्रान्सिस अंकल म्हणाले, "सेक्रेटरी, तुझ्या घरी लोक जोक सांगतात का रे?"

मी त्यांच्या खोलीत पहिल्यांदा गेलो तो तक्रार घेऊनच. कोणीतरी म्हणालं होतं, दुपारी बारा ते दीड तळमजल्यावर एकच गाणं तीनशे पासष्ट दिवस चालतं. मी ऐकायला बसलो. खरंच एकच वाटायचं. विलासदादांनी समजावलं. गाणी वेगळी, घर एकच. बारा घरं असतात. चार मात्रा झाल्या की एक घर. पहिली चार एका सुरात, मग दोन दुसऱ्या, दोन परत पहिल्या, नवव्यात तिसरा सूर, दहाव्यात खाली, अकरा-बारा घरी परत. की पुन्हा पहिल्यापासून. मी हिशेब करणारा माणूस, मला हे लगेच पटलं. आपल्या हाताच्या चार बोटांना तीन-तीन पेरं, एकूण बारा. अंगठा एकेका पेरावर सरकवत गेलं की करंगळीच्या टोकाशी गाणं संपतं. मी तसं मोजत बसायचो. एकदा अंगठा करंगळीच्या टोकावरून पुढे गेला, पेर उरलं नाही आणि गिटार चालूच.

"विलासदादा, आज तेरा झाली."

"होऊ दे रे. एक उसासा जास्त लागला."

तक्रारीचं मी काय केलं ते आठवत नाही. बहुधा तोंडी मिटवली. पुढे बरीच वर्षं मी दुपारचं जेवण पंधरा मिनिटांत आटपून उरलेला वेळ तिसऱ्या खोलीत काढायचो. मंगळवारी आणि शनिवारी फ्रान्सिस अंकल बसने यायचे, येताना माहीमच्या बेकरीची कडक बटर-बिस्किटं घेऊन. विलासदादा मराठीत गायचे. शब्द त्यांचेच.

भोंगा गेला, साचा गेला, पाय तरी उठतात,
भोंगा गेला, साचा गेला, पाय तरी उठतात,
दारापर्यंत जातात आणि तिथंच मागं हटतात.

माझी आई, मालवणकडची, तेव्हा होती. ती एकदा दारात उभी राहून ऐकत होती. वर आल्यावर मला म्हणाली, "ह्यो गाता काय रडता रे?" मी म्हटलं, दोन्ही. "मगे बरोबर," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

एक ओळ दोनदा का म्हणायची, हे मी विलासदादांना विचारलं होतं. ते म्हणाले, पहिल्यांदा सांगितलं की लोक ऐकत नाहीत. दुसऱ्यांदा सांगितलं की वळून बघतात. मग खरं काय ते सांगायचं. मी रुग्णालयात हे पडताळून पाहिलं. खिडकीशी येणारा माणूस आपलं म्हणणं नेहमी दोनदा सांगतो. 'साहेब, फाइल मिळत नाही. साहेब, फाइल मिळत नाही.' आणि तिसरं वाक्य वेगळं असतं. 'आईला उद्या बोलावलंय.'

एका रविवारी दुपारी त्यांचं वाजवणं ऐकायला मी त्यांच्याबरोबर लोअर परळला गेलो. जुन्या गिरणीच्या आवारात एक हॉटेल निघालं होतं, तिथे त्यांना आणि फ्रान्सिस अंकलना वाजवायला बोलावलं होतं. काचेच्या भिंती, वर जुने लोखंडी खांब तसेच ठेवलेले. विलासदादा आत शिरले, खांबाला हात लावून म्हणाले, "बाचे साचे या ओळीत होते." मग खाली बसून गिटार लावायला लागले. जेवणाऱ्यांची साधारण चाळीस टेबलं होती. ऐकणारी मी मोजली, तीन. दुसऱ्या गाण्यानंतर तिथला मॅनेजर मुलगा आला आणि अदबीने म्हणाला, "अंकल, थोडं हॅपी काहीतरी होईल का?"

"हे हॅपीच आहे," विलासदादा म्हणाले.

"हा जेव्हा सॅड वाजवतो ना," फ्रान्सिस अंकल त्याला म्हणाले, "तेव्हा तू किचन बंद करून घरी जाशील."

परत येताना पुलावर विलासदादा एकदाच म्हणाले, "खांब तरी ठेवलेत." त्या दिवशी ते दमलेले दिसले. मला वाटलं, उन्हाने.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. मीच त्यांना आमच्या रुग्णालयात नेलं, केसपेपर काढला. तो क्रमांक मला अजून पाठ आहे. नऊ दिवसांनी घरी सोडलं. पाय ठीक होता, बोलणं ठीक होतं, डावा हात जड होता. जानेवारीत त्यांनी गिटार घेतली. दुपारी जाताना मी ऐकायचो, आवाज अडखळत यायचा. एक घर पुरं व्हायला चार मात्रांऐवजी सहा लागत. पण रोज बारा ते दीड. फ्रान्सिस अंकल म्हणायचे, "हा बेबीसारखा चालतो आहे, चालू दे." जानेवारीअखेर त्यांना आठ घरांपर्यंत न थांबता जाता येत होतं. हे मी मोजलं होतं.

आणि त्याच वर्षी आमच्या मृण्मयीची बारावी होती.

इथून पुढचं मला सरळ सांगायचं आहे. आमची खोली त्यांच्या बरोबर डोक्यावर. मृण्मयी दुपारी घरीच अभ्यास करायची. ती काही बोलली नव्हती. मलाच वाटलं की तिला त्रास होत असणार. चुकत-माकत वाजवलेलं, परत परत तेच, माणसाचं लक्ष उडणारच. नोटीस तर मी लावलीच होती, पण ती सर्वांसाठी. मी खाली गेलो. ठरवलं होतं की एवढंच म्हणायचं, दार लावून घ्या, किंवा वेळ तासाभराने कमी करा.

"विलासदादा, मृणूची परीक्षा आहे या वर्षी..."

त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. गिटार मांडीवरून उचलली, खुंटीला लावली आणि वरून टॉवेल टाकला.

"अरे, मला आधी सांगायचंस. परीक्षा संपेपर्यंत बंद."

"तसं नाही, दार लावलंत तरी..."

"नाही नाही. माझ्या मॅट्रिकला बाने ढोलकी पोत्यात घालून माळ्यावर टाकली होती. जयंतीचे सगळे कार्यक्रम सोडले त्या वर्षी. पार्टीवाले दारात येऊन शिव्या देऊन गेले. बा म्हणाला, माझं पोरगं वाचतंय. घरात तीन महिने कोणी गुणगुणलंसुद्धा नाही. मी पास झालो तो त्याच्या बंद गळ्यावर. तुझी पोरगी ती माझी नाही का?"

दुसऱ्या कुठल्या घरात कदाचित वाद झाला असता, घासाघीस झाली असती, आणि अर्धा तास तरी वाजत राहिलं असतं. विलासदादांकडे परीक्षेचं नाव काढणं म्हणजे घासाघिशीचं दार बंद करणं. ते मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी वर आलो आणि सुषमाला सांगितलं, मिटलं.

पंचेचाळीस दिवस गिटार खुंटीला होती. परीक्षा संपली त्या दुपारी मी मुद्दाम पेढे घेऊन खाली गेलो. विलासदादांनी टॉवेल काढला, तारा लावल्या. पहिलं बोट गिटारीच्या दांडीवरच्या पडद्यावर, त्या धातूच्या आडव्या पट्टीशी, बसलं. मधलं बसलं. करंगळीच्या शेजारचं बोट हवेत तसंच राहिलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. उजव्या हाताने धरून ते तारेवर ठेवलं. हात काढला तसं बोट उठलं.

"बसलं होतं ना घरी. विसरलं," ते म्हणाले.

ते विसरलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात त्यांची फाइल काढली. डिसेंबरचा शेवटचा कागद. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: डाव्या हाताच्या बोटांची हालचाल रोज, खंड न पाडता. वाद्य वाजवतात, ते चालू ठेवावे. 'खंड न पाडता'खाली रेघ होती. तो कागद मीच फाइलला लावला होता, क्रमाने, कोपऱ्याला कोपरा जुळवून. वाचला नव्हता. मी त्या बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी आधी 'बोलवा त्यांना' म्हटलं, पुढे दोन महिने शिकवलं आणि शेवटी म्हणाल्या, पहिले दिवस महत्त्वाचे असतात, आता आहे ते टिकवायचं.

मी विलासदादांना जाऊन सगळं सांगितलं. कागदावरची रेघसुद्धा सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरुण, तुला खरं सांगू? दुखत होतं. जीव जायचा इतकं दुखत होतं. परीक्षेचं निमित्त झालं, बरं वाटलं मला. उगाच स्वतःच्या डोक्यावर घेऊ नको."

हे खरं होतं, की माझ्यासाठी म्हटलं होतं, ते मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून झाला आहे. त्यांच्या दुखण्याबद्दल त्यांनी त्याआधी एक शब्द काढला नव्हता.

त्यानंतर फ्रान्सिस अंकल काही दिवस येत राहिले. नव्या कवळीमुळे त्यांचाही सूर सुटायला लागला होता. दोघं समोरासमोर बसत, बटर चहात बुडवत. अंकल एखादं गाणं एकटेच वाजवत आणि माऊथ ऑर्गन झटकून खिशात टाकत. एकदा जाताना मला जिन्यात धरलं.

"सेक्रेटरी, फळ्यावरची नोटीस तू काढली. याच्या घरातली कोण काढणार? तिथे अजून परीक्षाच चालू आहे रे."

"मी काय करू, अंकल?"

"ते मला काय माहीत? तू सेक्रेटरी."

असे तीन मोसम गेले. दर फेब्रुवारीत मी नोटीस लावत होतो आणि तळमजल्यावर आवाज नव्हताच, त्यामुळे तिथे कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. चाळीतले लोक विसरले. नवी भाडेकरू मंडळी आली, त्यांना विलासदादा म्हणजे दाराशी खुर्ची टाकून बसणारे, डावा हात मांडीवर ठेवलेले म्हातारे, एवढंच माहीत. मी अठ्ठावन्नकडे झुकलो आहे. घरी जाताना एवढा एक जिना चढायचा, तरी मधल्या वळणावर थांबावं लागतं. थकवा म्हणजे काय ते मला आता वेगळं समजावून घ्यावं लागत नाही. काम जास्त झालं म्हणून तो येत नाही. तेच काम, तीच फाइल, तीच चूक दर वर्षी नव्या तारखेने समोर येते, त्याने येतो.

मृण्मयी आता नाशिकला फार्मसी करते. यंदा फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो त्याच दुपारी तिचा फोन आला.

"काय करताय बाबा?"

"नोटीस. परीक्षेची."

"अजून लावता?" ती हसली. मग म्हणाली, "विलासकाका वाजवतात का हो आता?"

"नाही. तुझ्या बारावीपासून नाही."

"मला ना, ते बंद झालं तेव्हा फार चुकल्यासारखं झालं होतं. मी त्याच्यावर वेळ धरायचे. सुरू झालं की फिजिक्स, थांबलं की जेवायचं. नंतर दुपार संपायचीच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही एकदम नोटीसच लावलीत."

ती सहज बोलली. पुढे मेसच्या आमटीबद्दल बोलत राहिली. मी 'हो, हो' म्हणत होतो. ऐंशी बिऱ्हाडांना विचारून मी नियम करणारा माणूस. जिच्यासाठी केलं तिला विचारलं नव्हतं.

नोटीस मी लावली. रीत मोडायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण या वेळी त्याआधी वर्षाच्या घरी गेलो. वर्षा कामावर होती. सानिका जमिनीवर नकाशे पसरून बसली होती.

"सानिका, समोरचे विलासआजोबा दुपारी गिटार वाजवायचे पूर्वी. तास-दीड तास. आता सुरू केली तर तुला त्रास होईल का? खरं सांग."

तिने पेन्सिल कानावर ठेवून विचार केला. "मोठ्याने का?"

"नाही. दार लावून."

"मग चालेल की. आमच्याकडे मिक्सर लावतात तेव्हा मला कोण विचारतं?"

दुसऱ्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी मी तिसऱ्या खोलीत गेलो. त्यांचा मुलगा आणि सून नोकरीवर गेलेले. विलासदादा जेवून भांडं विसळत होते.

"गिटार काढा."

"फळा वाचला नाहीस का? नोटीस तूच लावलीस."

"सानिकाला विचारून आलोय. ती चालेल म्हणाली."

त्यांनी भांडं पालथं घातलं, हात पुसले. माझ्याकडे पाहिलं. "तू विचारून आलास?"

"हो."

"आणि बोट कोण वाजवणार? तुझा बाप?"

तरीही त्यांनी गिटार काढली. टॉवेलावर धूळ होती, गिटारीवर नव्हती. म्हणजे कोणीतरी पुसत होतं. तारा लावायला वीस मिनिटं गेली. मग त्यांनी मला समजावलं की अडतं कुठे. पहिलं बोट दुसऱ्या पडद्यावर बसून राहतं. करंगळीच्या शेजारच्या बोटाने तीच तार चौथ्या पडद्यावर दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. प्रत्येक घरात दोनदा. गाणं चालतं ते त्या बोटावर. चाल तीच. ते बोट नाही तर बाकी सगळं असून गाणं उभंच राहतं, पुढे जात नाही.

"फक्त दाबायचं आणि सोडायचं?" मी विचारलं.

"फक्त!" ते म्हणाले. "मला बारा वर्षं लागली फक्त शिकायला."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि माझं पहिलं बोट चौथ्या पडद्यावर ठेवलं. त्यांनी तार छेडली. नुसती खरखर आली.

"पडद्याला चिकटून दाब. जोर लाव. फाइल नाही ती."

दहा-बारा वेळा खरखर झाली. मग एकदा सूर आला, घोगरा, पण आला. विलासदादा लगेच पुढे गेले. घरं मला माहीत होती. पाचव्याला एक तार खाली, सातव्याला परत, नवव्याला एक तार वर. वेळ मला चुकत नव्हती, बोट चुकत होतं. तिसऱ्या खेपेला आम्ही सहा घरांपर्यंत पोचलो. माझ्या बोटाच्या टोकावर तारेची खोल रेघ उमटली होती, हात लावला तरी झोंबत होतं. तेव्हा मला त्यांचं ते वाक्य आठवलं, जीव जायचा इतकं दुखत होतं. थोडंसं खरं असावं.

दार उघडलं. वर्षा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली असावी, पर्स खांद्यालाच होती.

"सेक्रेटरी! तुम्ही? मला वाटलं तुम्ही बंद करायला आलात. तुमच्याच सहीची नोटीस आहे ना बाहेर?"

"आहे. सानिकाला विचारलंय मी."

"तिला काय विचारता? तिला अभ्यास सोडून सगळं चालतं." मग तिची नजर गिटारीवर गेली, एका गिटारीवर तीन हात. "आणि हे काय चाललंय दोघांचं?"

"बोट उसनं घेतलंय याच्याकडून," विलासदादा म्हणाले. "वाटीभर साखर घेतात तसं."

वर्षाला हसू आलं, ते तिने दाबलं. "परत कधी देणार?"

"दीड वाजता. याला ऑफिस आहे."

विलासदादांचा डावा हात तिने बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिला. "दीड म्हणजे दीड," ती म्हणाली आणि बाहेरून दार घट्ट ओढून घेतलं.

खोली बंद झाल्यावर एकदम उकडायला लागलं. घड्याळात एक वाजून चार मिनिटं झाली होती. मी मनात धरलं, परत जायला अकरा मिनिटं, म्हणजे अजून चौदा-पंधरा मिनिटं बसता येईल. विलासदादा उठले. पंख्याच्या आवाजात तार नीट ऐकू येत नव्हती, म्हणून त्यांनी पंखा बंद केला. परत येऊन बसले, माझं बोट धरून पडद्याच्या कडेला नीट लावलं आणि म्हणाले, "पहिल्यापासून. दाब."